कॅफे रेसर

कॅफे रेसर : रस्त्यावर चालविण्याच्या जुन्या वेगवान मोटारसायकलीत मालकाने घरच्या घरी फेरबदल करून तिला शर्यतीच्या गाडीचे रूप व गुण दिले, म्हणजे जी मोटारसायकल तयार होते तिला ‘कॅफे रेसर’ म्हणतात. हा प्रकार ग्रेट ब्रिटनमध्ये १९५०–६० या दशकात उदयास आला आणि पुढील दहा वर्षांत त्याचा सर्वाधिक प्रसार झाला. मोठ्या रस्त्यांलगतच्या कॅफेंपाशी जमून तेथून ठराविक अंतरापर्यंत वेगाने जाऊन येण्याची प्रथा तरुण मोटारसायकलस्वारांत पडली होती, त्यावरून हे नाव आले. ते गाडीला तसेच ती चालविणाऱ्यालाही लावीत. अशी गाडी मुळात कारखान्यात तयार होत नसे. ती घरामागील छपरीत, मोजक्या हत्यारांनिशी व वेगवेगळ्या गाड्यांचे भाग एकत्र आणून बांधली जाई. त्यामुळे कॅफे रेसरचा इतिहास हा एका यंत्रप्रकाराचा इतिहास आहेच, शिवाय तो सामान्य माणसाने मिळविलेल्या यंत्रज्ञानाचाही इतिहास आहे.

पार्श्वभूमी : दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधील पेट्रोलचे नियंत्रित वाटप १९५० मध्ये संपले. मोटारगाडी सामान्य कामगाराच्या आवाक्याबाहेर होती. मोटारसायकल मात्र हप्त्यांनी अथवा वापरलेली घेता येई. कारखान्यांत शिकाऊ कामगार म्हणून लागलेल्या तरुणांना लेथ, कानस व सूक्ष्ममापक यांचा सराव असे. ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टन, व्हेलोसेट, व्हिन्सेंट, रॉयल एन्फील्ड आदी कंपन्यांच्या गाड्या त्या काळी जगभर जात. तथापि रस्त्यासाठी विकल्या जाणाऱ्या गाडीला उंच हँडल, जड चिखलरोधक व रुंद आसन असे, तर शर्यतीची खास गाडी फार महाग पडे. या दोहोंमधील अंतर तरुणांनी स्वतःच्या हातांनी भरून काढले. बीएसए कंपनीची ‘गोल्ड स्टार’ ही एक सिलिंडरची गाडी जवळजवळ तयार स्थितीतच या वर्गात बसे. परंतु बहुतेकांना जुन्या गाडीवरच काम करावे लागे.

लंडनच्या उत्तर वर्तुळाकार रस्त्यावर १९३८ मध्ये उघडलेला ‘एस कॅफे’ हे या मंडळींचे सर्वांत प्रसिद्ध ठिकाण होय. तो युद्धात बाँबहल्ल्यात नष्ट झाला व १९४९ मध्ये पुन्हा बांधण्यात आला. मालमोटारींच्या चालकांसाठी तो रात्रभर उघडा असल्याने तरुणांचीही सोय झाली. ताशी १०० मैल, म्हणजे सु. १६१ किमी., वेग गाठणे ही प्रतिष्ठेची खूण होती. या वेगाला ते ‘टन’ म्हणत. कारखान्यातून आलेल्या बऱ्याच गाड्या हा वेग जेमतेम गाठीत किंवा गाठीतच नसत. म्हणून फेरबदलांची निकड भासे.

ट्रायटन : कॅफे रेसरचे प्रातिनिधिक उदाहरण म्हणजे ट्रायटन. ट्रायम्फचे एंजिन व नॉर्टनचा सांगाडा यांच्या संयोगातून ही गाडी व तिचे नाव तयार झाले. एडवर्ड टर्नर यांनी आराखडा केलेली ट्रायम्फ ‘स्पीड ट्विन’ ही ५०० घ. सेंमी. वर्गातील गाडी १९३७ मध्ये आली. तिचे दोन समांतर सिलिंडरांचे एंजिन हलके, स्वस्त व शक्ती वाढविण्यास अनुकूल होते. पुढे त्यापासून ६५० घ. सेंमी. वर्गातील एंजिने तयार झाली. १९५९ च्या हंगामासाठी आलेल्या ‘बॉनव्हिल’मध्ये दोन कार्बुरेटर असून तिची शक्ती ४६ अश्वशक्ती होती. मात्र त्या काळातील ट्रायम्फचा सांगाडा वेगात वळणावर डळमळीत होत असे.

याउलट नॉर्टनचा ‘फेदरबेड’ सांगाडा त्याच्या स्थैर्यासाठी नावाजलेला होता. तो बेलफास्ट येथील रेक्स व क्रोमी मॅक्कँडलेस या बंधूंनी तयार केला आणि १९५० मध्ये नॉर्टनच्या शर्यतीच्या गाडीत वापरला गेला. त्याच वर्षी जेफ ड्यूक यांनी आइल ऑफ मॅन येथील ‘सीनियर टीटी’ शर्यत या सांगाड्याच्या गाडीवर जिंकली. हॅरल्ड डॅनिएल या शर्यतपटूने ही गाडी चालविणे म्हणजे पिसांच्या गादीवर बसण्यासारखे आहे, असे म्हटल्यावरून सांगाड्याला हे नाव मिळाले.

हे सांगाडे सुटे मिळण्यास एक वेगळेच कारण घडले. ५०० घ. सेंमी. वर्गातील छोट्या शर्यती मोटारगाड्या बांधणाऱ्यांना नॉर्टनचे ‘मँक्स’ एंजिन हवे असे. पण कंपनी केवळ एंजिन विकीत नसे. त्यामुळे ते अख्खी मोटारसायकल विकत घेऊन तिचे एंजिन काढून घेत व उरलेला सांगाडा स्वस्तात विकून टाकीत. अशा रीतीने एका छंदाची अडगळ दुसऱ्या छंदाचे भांडवल ठरली. पुढे अपघातात सापडलेल्या नॉर्टन ‘डॉमिनेटर’ गाड्यांचे सांगाडेही वापरात आले. याच सांगाड्यात व्हिन्सेंटचे १,००० घ. सेंमी. वर्गातील एंजिन बसविलेल्या गाडीस ‘नॉर्व्हिन’ म्हणत.

१९६३ पूर्वीच्या ६५० घ. सेंमी. ट्रायम्फमध्ये एंजिन व गिअरपेटी वेगवेगळ्या असल्याने जोडणी सुकर होई. सु. ६ मिमी. वा अधिक जाडीच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या पत्र्यातून आधारपट्ट्या कापून त्यांवर एंजिन व गिअरपेटी बसवीत. या कामात सर्वांत महत्त्वाची बाब साखळीच्या रेषेची असे. एंजिन, क्लच व मागील चाक यांवरील दंतचक्रे एका पातळीत नसल्यास साखळी लवकर झिजते व वेगात तुटण्याचा धोका असतो. समांतर सिलिंडरांच्या या एंजिनात दोन्ही दट्ट्ये एकाच वेळी वर-खाली होत असल्याने कंपने तीव्र असतात. एंजिनाच्या माथ्याला सांगाड्याशी जोडणारा आधार दिला नाही, तर आधारपट्ट्यांना व टाकीला तडे जात. ही जुळणी दर्जेदार असेल, तर ती कारखान्याच्या गाड्यांशी स्पर्धा करू शकते, हे डेव्ह डेगन्स यांनी दाखवून दिले. त्यांनी व रेक्स बुचर यांनी १९६५ मध्ये बार्सेलोना येथील २४ तासांची शर्यत ट्रायटनवर जिंकली.

फेरबदलांचे स्वरूप : फेरबदलांची सुरुवात बहुधा वजन कमी करण्यापासून व स्वाराची बैठक बदलण्यापासून होई. उंच हँडलाऐवजी पुढील काट्याच्या नळ्यांवर आवळून बसविलेल्या दोन आखूड दांड्या लावीत. त्यामुळे स्वार टाकीवर ओणवा होई व हवेचा विरोध घटे. यासाठी पायटेही मागे न्यावे लागत. मग गिअरचा दांडा उलटा फिरवावा लागे व गिअर टाकण्याचा क्रमही उलटा होई. तसेच पायाने सुरू करण्याच्या दांड्याला पायटा आड येऊ नये म्हणून तो घडीचा करीत. ॲल्युमिनियमची वा काचतंतूची लांबट टाकी, एकट्यापुरते आसन व मागे वळविलेले निष्कास नळ ही या गाडीची बाह्य लक्षणे होत.

एंजिनाची शक्ती वाढविण्यासाठी उंच माथ्याचे दट्ट्ये बसवून संपीडन गुणोत्तर वाढविणे, वायुमार्ग घासून गुळगुळीत करणे, झडपा अधिक काळ उघड्या ठेवणारे कॅम बसविणे व मोठे कार्बुरेटर लावणे हे उपाय केले जात. परंतु यांपैकी प्रत्येक उपायाला मर्यादा आहे. संपीडन फार वाढविल्यास पेट्रोल अवेळी पेटून दट्ट्याला भोक पडते. वायुमार्ग फार रुंद केल्यास कमी वेगात वायूचा प्रवाह मंदावतो व गाडी गावातील रस्त्यावर नीट चालत नाही. कोणता बदल करू नये हे ओळखणे हाच या कौशल्याचा खरा भाग होता. वेग वाढला तरी गतिरोधक जुनेच राहिले, तर गाडी अधिक धोकादायक होते. म्हणून जाणकार प्रथम गतिरोधकांकडे लक्ष देत.

देखभाल : अशा गाडीची देखभाल मालकालाच करावी लागे. झडपांमधील फट, साखळीचा ताण व कार्बुरेटरचे समायोजन ही नित्याची कामे होत. प्रज्वलनाची वेळ अचूक साधण्यासाठी भुजादंडावर अंशांची तबकडी लावीत व संपर्कबिंदूंमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरीत. कागद सैल होऊन निसटला, की त्या क्षणी बिंदू उघडले असे समजे. ट्रायम्फच्या एंजिनात वंगणतेलासाठी केवळ तारेच्या जाळीच्या गाळण्या होत्या. उरलेला सूक्ष्म मळ भुजादंडातील एका नळीत केंद्रोत्सारी प्रेरणेमुळे साचत राही. ही नळी भरली, की संयोगदांड्यांच्या धारव्यांना तेल मिळेनासे होऊन एंजिन निकामी होई. ती साफ करण्यासाठी संपूर्ण एंजिन उघडावे लागते; त्यामुळे बाहेरून चकचकीत दिसणारी जुनी गाडी घेताना जाणकार हीच गोष्ट प्रथम विचारतो. या गाड्यांच्या नट-बोल्टांची मापे व्हिटवर्थ व तत्सम ब्रिटिश पद्धतींची असल्याने मेट्रिक पान्यांनी नटांचे कोपरे झिजतात.

हे ज्ञान मुख्यतः तोंडी व हाताखाली काम करून मिळे. न्यूझीलंडमधील इन्व्हरकार्गिल येथील बर्ट मन्रो (१८९९–१९७८) हे या वृत्तीचे टोकाचे उदाहरण होय. १९२० सालच्या ६०० घ. सेंमी. क्षमतेच्या ‘इंडियन स्काउट’वर त्यांनी अनेक दशके काम केले. त्यासाठी लागणारे दट्ट्ये ते घरीच ओतीत. १९६७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, अमेरिकेतील बॉनव्हिल येथील मिठागरावर त्यांनी तिच्यावर ताशी सु. २९६ किमी. वेगाचा आपल्या वर्गातील उच्चांक केला. तोवर एंजिनाची क्षमता सु. ९५० घ. सेंमी. झाली होती.

सामाजिक परिणाम : सार्वजनिक रस्त्यावरील या वेगाची किंमत अनेक तरुणांनी प्राण देऊन चुकविली. शिरस्त्राण ब्रिटनमध्ये १९७३ पर्यंत सक्तीचे नव्हते. शिकाऊ परवानाधारकांना १९६१ पासून २५० घ. सेंमी. पर्यंतच्याच गाड्या चालविण्याची मुभा राहिली आणि १९६५ च्या अखेरीस ताशी ७० मैलांची देशव्यापी वेगमर्यादा आली. १९६४ मध्ये समुद्रकिनाऱ्यावरील क्लॅक्टन, मार्गेट, ब्रायटन आदी गावी ‘रॉकर’ म्हणविणारे हे स्वार व स्कूटर वापरणारे ‘मॉड’ तरुण यांच्यात मारामाऱ्या झाल्या. त्यामुळे मोटारसायकलस्वार म्हणजे गुंड अशी प्रतिमा वृत्तपत्रांतून पसरली. याच काळात लंडनमधील ‘५९ क्लब’ या चर्चच्या युवक मंडळात बिल शेरगोल्ड या धर्मगुरूंनी १९६२ पासून मोटारसायकलस्वारांसाठी विभाग चालविला. ज्यांना इतरत्र प्रवेश मिळत नसे, त्यांना तेथे हक्काची जागा मिळाली.

ऱ्हास व पुनरुज्जीवन : १९६९ मध्ये होंडा कंपनीची चार सिलिंडरांची ‘सीबी ७५०’ बाजारात आली. विजेवर सुरू होणारी, पुढील चाकाला तबकडी-गतिरोधक असलेली ही गाडी कोणताही फेरबदल न करता ‘टन’ सहज गाठत असे. त्याच वर्षी एस कॅफे बंद झाला. पुढे ब्रिटिश कंपन्या एकामागून एक बंद पडल्या. ट्रायम्फचा मेरिडेन येथील कारखाना १९८३ मध्ये थांबला. १९९४ मध्ये जुन्या स्वारांचा मेळावा भरल्यानंतर एस कॅफे २००१ मध्ये पुन्हा पूर्णपणे सुरू झाला. त्यानंतर अनेक कंपन्यांनी या धाटणीच्या तयार गाड्या काढल्या. रॉयल एन्फील्डने २०१३ व २०१८ मध्ये बाजारात आणलेल्या ‘काँटिनेंटल जीटी’ या गाड्या भारतात बनलेल्या आहेत. मालकाने कारखान्याविरुद्ध घडविलेला आकार अशा रीतीने कारखान्याचाच माल झाला.

भारत : भारतात या छंदाला १९८३ मध्ये एस्कॉर्ट्स कंपनीने आणलेल्या ‘राजदूत ३५०’ मुळे चालना मिळाली. ही यामाहाच्या ‘आरडी ३५०’ ची भारतीय आवृत्ती असून तिचे ३४७ घ. सेंमी. क्षमतेचे एंजिन दोन सिलिंडरांचे व द्विधाव प्रकारचे आहे. मूळ गाडीतील पुढील तबकडी-गतिरोधकाऐवजी येथे ड्रम-गतिरोधक दिला गेला व शक्तीही कमी करण्यात आली. पेट्रोलच्या अधिक खपामुळे गाडी फारशी विकली गेली नाही व १९९० च्या सुमारास उत्पादन थांबले. त्यानंतर मात्र तिची कीर्ती वाढली. ती सुस्थितीत ठेवू पाहणारे मालक तबकडी-गतिरोधक व इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन बसवितात. तेलपंपाचे समायोजन चुकल्यास दट्ट्या सिलिंडरात अडकतो, म्हणून त्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. सुट्या भागांसाठी मुंबईतील कुर्ला व चोर बाजार येथील दुकाने मराठी छांदिष्टांच्या परिचयाची आहेत.

कायद्याच्या दृष्टीने मात्र असा मालक अडचणीत आहे. नोंदणीपत्रातील उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत फेरबदल करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची तरतूद झाली. पण ती मूळ स्वरूपातील वाहनांसाठी आहे. संग्राहकही मूळ स्थितीतील गाडीलाच अधिक मोल देतात आणि पूर्वी कापून जोडलेल्या गाड्या पुन्हा मूळ रूपात आणण्याचे प्रयत्न होतात. त्यात अर्धशतकापूर्वी एखाद्या कामगाराने केलेली जुळणी नष्ट होते. मूळ यंत्र जपावे की त्यावर उमटलेला मालकाचा हात जपावा, हा प्रश्न त्यामुळे निर्माण झाला आहे. ज्या ट्रायटन गाड्यांच्या जुळणीचा इतिहास ज्ञात आहे, त्यांना आता स्वतंत्र ऐतिहासिक वस्तू म्हणून मान्यता मिळू लागली आहे.