थांबणारे फंक्शन : जावास्क्रिप्टमधील जनरेटर

संगणकीय भाषांतील सर्वसाधारण फंक्शन एकदा सुरू झाले की उत्तर देऊनच संपते. जनरेटर फंक्शन मात्र 'यील्ड' या शब्दापाशी थांबते, एक मूल्य बाहेर देते आणि पुन्हा बोलावणे येईपर्यंत आपली स्थिती जशीच्या तशी राखून ठेवते. या कल्पनेचे मूळ १९७०च्या दशकात बार्बरा लिस्कोव्ह यांच्या 'क्लू' या भाषेत सापडते. २००१ मध्ये पायथनने तिचा स्वीकार केला आणि पायथनकडून ती २००६ मध्ये फायरफॉक्स ब्राऊझरच्या जावास्क्रिप्टमध्ये आली. जावास्क्रिप्टच्या अधिकृत प्रमाणात तिला स्थान मिळाले ते २०१५ मध्ये.

प्रमाणित रूपात 'फंक्शन' या शब्दापुढे तारांकन आले. जुन्या वेबपानांत 'यील्ड' हे साध्या चलाचे नाव असू शकत होते आणि ती पाने बंद पडू देणे शक्य नव्हते. म्हणून तारांकित फंक्शनच्या आत हा शब्द राखीव ठरला.

या फंक्शनला बोलावले तरी त्यातील एकही ओळ चालत नाही. हाती येतो तो केवळ एक इटरेटर. पहिल्या 'नेक्स्ट'नंतर काम सुरू होते. त्या पहिल्या 'नेक्स्ट'सोबत पाठविलेले मूल्य वाया जाते, कारण ते स्वीकारण्यासाठी कोणतेही 'यील्ड' अद्याप थांबलेले नसते.

मूल्य आत पाठविण्याची हीच सोय असिंक्रोनस कामासाठी मोलाची ठरली. जनरेटरने प्रॉमिस बाहेर द्यायचे, बाहेरील चालकाने ते पूर्ण होईपर्यंत थांबायचे आणि उत्तर 'नेक्स्ट'ने, तर चूक 'थ्रो'ने आत परत करायची. 'को' ही छोटीशी लायब्ररी एवढेच करीत असे, आणि कॉलबॅकच्या गुंत्यात अडकलेल्या प्रोग्रामरांना तेवढेही पुरेसे होते. २०१७ च्या प्रमाणात 'असिंक' व 'अवेट' आल्यावर वेगळ्या चालकाची गरज उरली नाही. दोहोंत एक भेद मात्र राहिला. असिंक फंक्शन बोलावताच पहिल्या 'अवेट'पर्यंत धावते. जनरेटर तसे करीत नसल्याने चुकीच्या माहितीबद्दलची तक्रारही उशिराच उमटते.

'फॉर-ईच'ला दिलेल्या आतल्या फंक्शनमधून बाहेरील जनरेटरला थांबविता येत नाही. नवशिक्यांना हे जाचक वाटते. तथापि निर्णय योग्यच म्हणावा लागेल. फंक्शन कोठे थांबू शकते हे त्यामुळे वाचतानाच कळते, आणि दोन थांब्यांच्या दरम्यान दुसरा कोड येऊन माहिती बदलण्याचा धोका राहत नाही.

खरी जोखीम आवराआवरीत आहे. 'फॉर-ऑफ'मधून मध्येच बाहेर पडल्यास जनरेटरला 'रिटर्न' पोहोचते आणि 'फायनली'तील कोड चालतो. 'नेक्स्ट' हाताने बोलावून जनरेटर अर्धवट सोडला, तर तो कोड कधीच चालत नाही. उघडलेली फाईल किंवा डेटाबेसची जोडणी तशीच राहू शकते.

२०१८ च्या असिंक जनरेटरमध्ये हा प्रश्न अधिक बिकट होतो. त्याच्याकडे आलेली बोलावणी रांगेत लागतात, आणि 'रिटर्न'लाही रांग चुकत नाही. आतील 'अवेट' कधीच न येणाऱ्या उत्तराची वाट पाहत असेल, तर बाहेरून दिलेला थांबण्याचा आदेशही त्याच्यामागे ताटकळतो. अशा वेळी 'अबॉर्ट कंट्रोलर'चा सिग्नल आतील नेटवर्क विनंतीलाच आधीपासून जोडून ठेवावा लागतो.