कोंबड्याच्या तुऱ्यावरचं माप

गडचिरोलीतल्या अहेरी-आलापल्लीकडे कोंबड्यांची झुंज पाहिलेल्या माणसाला नराचा आवेश म्हणजे काय, हे शिकवावं लागत नाही. गोऱ्हा खच्ची केला की मस्ती उतरते आणि तो निमूट नांगराला लागतो, हेही शेतकऱ्याला पूर्वापार ठाऊक. ही मस्ती अंगात भिनते कशी, एवढंच कळलं नव्हतं.

ते कोंबड्यानंच दाखवलं. १८४९ साली जर्मनीतल्या ग्योटिंगेनमध्ये आर्नोल्ड बर्टहोल्ड यांनी काही कोवळ्या कोंबड्यांची वृषणं काढली आणि त्यांतल्या काहींच्या पोटात वृषण पुन्हा बसवलं. ज्यांना बसवलं नाही त्यांचे तुरे खुरटले. बाकीचे आरवले, भांडले, माद्यांमागे लागले. जुन्या नसा तर तुटलेल्या होत्या. म्हणजे निरोप रक्तातूनच जात होता.

१८८९ मध्ये बहात्तर वर्षांच्या ब्राऊन-सेकार यांनी कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तरुण झाल्याचं जाहीर केलं. त्या पाणीदार अर्कात हा निरोप नेणारं संप्रेरक जवळपास नव्हतंच. ‘मर्दानी ताकदी’च्या आजच्या जाहिराती त्यांच्याच वारस म्हणायच्या.

१९२७ साली शिकागोत कॉख आणि मॅगी यांनी बैलांच्या चाळीस पौंड वृषणांतून जेमतेम वीस मिलिग्रॅम अर्क काढला. त्याची ताकद जोखायला तराजू नव्हता. खच्ची कोंबड्याला टोचायचं आणि तुरा किती वाढला ते पट्टीनं मोजायचं. १९३५ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या लाकर यांच्या प्रयोगशाळेत हे संप्रेरक, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, शुद्ध रूपात हाती आलं. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिका यांनी ते कृत्रिमरीत्या बनवलं. रक्ताच्या थेंबातलं संप्रेरक मोजण्याची किरणोत्सारी पद्धत मात्र यॅलो आणि बर्सन यांनी इन्सुलिनसाठी काढल्यानंतरच इकडे वळली.

आज पुरुषांच्या रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनसाठी जी २६४ ते ९१६ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर ही मर्यादा सांगितली जाते, ती २०१७ सालची. ती अमेरिका-युरोपातल्या १९ ते ३९ वयाच्या, लठ्ठ नसलेल्या निरोगी पुरुषांवरून काढली आहे. दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के वगळलेत. म्हणजे त्या निरोगी तरुणांतलेही काही जण हिशेबानुसार ‘कमी’ ठरतात. बायकांच्या रक्तातही हे संप्रेरक असतं, पण कितीतरी कमी. त्यांची मर्यादा वेगळी.

अहेरीचा माणूस या मोजणीत नाही. २००२ मध्ये अमेरिका, काँगो, नेपाळ आणि पॅराग्वेतल्या पुरुषांच्या लाळेतलं हे संप्रेरक मोजलं, तेव्हा तरुणपणी आकड्यांत बरीच तफावत दिसली; उतारवयात मात्र ते जवळ आले. वयाबरोबरची घसरगुंडी सगळीकडे सारखी नसते, ती अशी.

इथला मलेरिया आणखी एक गोष्ट करतो. तापात हे संप्रेरक तात्पुरतं घसरतं, म्हणून आजारपणात तपासणी करायची नसते. सिकलसेलच्या पुरुषांतही ते कमी आढळल्याच्या नोंदी आहेत, आणि हा आजार गडचिरोलीत नवा नाही. एरवीही तक्रार असेल तरच, उपाशीपोटी, सकाळी, आणि कमी आलं तर वेगळ्या दिवशी पुन्हा रक्त द्यावं लागतं. दुपारी काढलेल्या एका नमुन्यावरून इंजेक्शन लिहून देणाऱ्याला हे विचारायला हरकत नाही.