तार कोणासाठी जमिनीत जाते?

चंद्रपूरहून निघालेली विजेची एक वाहिनी थेट मुंबईच्या उंबरठ्यावर, भिवंडी तालुक्यातल्या पडघ्याला जाऊन थांबते. लांबी ७५२ किलोमीटर, दाब अधिक-उणे ५०० किलोव्होल्ट, क्षमता १,५०० मेगावॅट. १९९९ च्या सुमारास सुरू झालेली ही वाहिनी विदर्भ, मराठवाडा, देश आणि घाट ओलांडते आणि हा सगळा प्रवास मनोऱ्यांवरून, उघड्या आकाशातून करते.

आता मुंबईसाठीच आखलेली दुसरी वाहिनी पाहू. पालघर जिल्ह्यातल्या कुडूसपासून आरेपर्यंत ८० किलोमीटर. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सगळी मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, आणि त्यानंतर या रखडलेल्या योजनेला वेग आला. तिच्या आराखड्यात ३० किलोमीटर मनोऱ्यांवरून आणि ५० किलोमीटर जमिनीखालून अशी वाटणी आहे.

दोन्ही वाहिन्या डीसी, म्हणजे एकदिश प्रवाहाच्या. दोन्हींचे गिऱ्हाईक एकच शहर. मधल्या वीस-पंचवीस वर्षांत तंत्र पुढे गेले हे खरे, पण तेवढ्याने या फरकाचा उलगडा होत नाही. नव्या वाहिनीतही तंत्र एकच असून काही अंतर वर आहे आणि काही खाली. तार जमिनीत घालता येते का, याचे उत्तर अभियंता देतो. ती कुठे घालायची, याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते. चंद्रपूर-गडचिरोलीकडून पाहिले की तो इतिहास जरा वेगळा दिसतो.

हवा फुकट असते

खांबावरची तार उघडी असते, कारण तिच्याभोवतीची हवाच विद्युतरोधकाचे काम करते. तारेत निर्माण होणारी उष्णताही हवाच वाहून नेते. या दोन्ही गोष्टी फुकट मिळतात. तीच तार जमिनीत घालायची तर तिच्याभोवती रोधकाचे थर द्यावे लागतात, उष्णता जिरेल अशी भरणी करावी लागते, ठरावीक अंतरावर जोड द्यावे लागतात, आणि यातला प्रत्येक जोड उद्याच्या बिघाडाची जागा ठरू शकतो. खांबावरची तुटलेली तार लाइनमनला डोळ्यांनी दिसते. जमिनीतला दोष यंत्र लावून शोधावा लागतो, मग रस्ता खणावा लागतो.

एसी प्रवाहात आणखी एक अडचण असते. लांबलचक भूमिगत केबल स्वतःच विद्युतभार साठवत राहते आणि तिची बरीचशी क्षमता त्यातच खर्च होते. म्हणून अतिउच्चदाबाच्या एसी वाहिन्या काही दहा किलोमीटरांपलीकडे सहसा जमिनीखालून नेत नाहीत. डीसीला ही अडचण नाही, तिथे प्रश्न उरतो तो पैशांचा. भूमिगत वाहिनीचा खर्च खांबावरच्या वाहिनीच्या कित्येक पट असतो.

पण हा 'कित्येक पट' काढताना हिशेबात काय धरले आणि काय सोडले? मनोऱ्याखालची शेती, वाहिनीखाली तोडलेले जंगल, तारेला धडकून मेलेला पक्षी, आकड्यावर मेलेला वाघ किंवा माणूस हे सारे हवेसारखेच फुकट धरले, तर तार वरच राहणार.

न्यूयॉर्कचा खांब, मुंबईचा रस्ता

१८८० च्या दशकात न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर तार, टेलिफोन आणि विजेच्या तारांचे इतके जाळे झाले होते की खाली उभे राहून वरचे आकाश कापलेले दिसे. १८८४ मध्येच तारा जमिनीत घालण्याचा कायदा झाला होता. कंपन्यांनी तो टाळला, कोर्टात नेला. मार्च १८८८ च्या हिमवादळाने खांब आडवे केले, तरीही काम रेंगाळले. ११ ऑक्टोबर १८८९ रोजी जॉन फीक्स नावाचा तारकंपनीचा लाइनमन भरदुपारी, भरवस्तीत, तारांच्या जाळ्यात अडकून मेला. खाली हजारो लोक पाहत होते. त्यानंतर मात्र महापालिकेने खांब तोडण्याचा सपाटा लावला. कायदा पाच वर्षे जुना होता. तो जागा झाला, कारण मृत्यू सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाला आणि पाहणारे मतदार होते.

मुंबईची गोष्ट निराळी आहे. १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले. ते लावणारी कंपनी वर्षभरातच बुडाली आणि मार्केट पुन्हा गॅसच्या दिव्यांवर आले. १९०५ मध्ये आज आपण ज्याला बेस्ट म्हणतो त्या उपक्रमाची मूळ कंपनी आली आणि ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावली. ट्रामची तार डोक्यावर होती, तीही ३१ मार्च १९६४ ला ट्रामबरोबर गेली. घरांना आणि दुकानांना वीज देणारे जाळे मात्र जमिनीखाली विणले गेले. खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून ११ फेब्रुवारी १९१५ पासून मुंबईला वीज येऊ लागली, ती घाटाखालून शहरापर्यंत मनोऱ्यांवरून येई. गावाबाहेर वर आणि शहरात खाली, ही रीत तेव्हाच पडली. त्या विजेच्या पुढच्या टप्प्यासाठी मुळशीची गावे बुडणार होती. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकरी त्याविरुद्ध सत्याग्रहाला बसले, ते आपल्याला ठाऊक आहेच.

ही रीत नुसती सवयीने पडलेली नाही, ती कायद्यातही दिसते. १९१० च्या भारतीय वीज कायद्यात दोन कलमे होती. १८ व्या कलमाप्रमाणे परवानाधारक कंपनीला रस्त्यावरून उघडी तार न्यायची तर बांधणीच्या पद्धतीला सरकारची लेखी मान्यता लागे. त्यामुळे शहरातल्या रस्त्यावर तार डोक्यावरून नेण्याआधी सरकारला विचारावे लागे. त्याच कायद्याच्या ५१ व्या कलमाने सरकारला एक मुभा दिली: वीजवाहिनी टाकणाऱ्याला १८८५ च्या तार अधिनियमातले अधिकार बहाल करता येतील. हा तार अधिनियम तारायंत्रासाठी केलेला. त्याप्रमाणे कोणाच्याही जमिनीवरून तार नेता येई, खांब रोवता येई. जमीन संपादित करायची गरज नाही, फक्त 'वापराचा हक्क' घ्यायचा आणि नुकसान झाले तर भरपाई द्यायची. तारायंत्राच्या बारक्या खांबासाठी केलेली ही तरतूद पुढे अतिउच्चदाबाच्या अवाढव्य मनोऱ्यांना लागू झाली. २००३ च्या वीज कायद्यानेही १६४ व्या कलमात तिला जागा दिली.

चांद्याची जमीन

चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, जमिनीखाली काय आहे याची चौकशी इंग्रजांनी १८७० च्या आसपासच सुरू केली. वरोऱ्याला सरकारी कोळसा खाण निघाली, तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आली. पुढे बल्लारपूर, घुग्घुस, लालपेठ असे करत खाणी गोंडराजांच्या परकोटाला येऊन भिडल्या. या शहराखालची जमीन रिकामी करण्यात कोणाला खर्चाची अडचण आली नाही, कारण तिथून काहीतरी बाहेर निघत होते.

१९८३ पासून ऊर्जानगरचे संच एकामागून एक सुरू झाले. आज या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस भद्रावतीला पश्चिम आणि दक्षिण भारताच्या जाळ्यांना जोडणारे १,००० मेगावॅटचे केंद्र झाले. पुढे वरोऱ्याजवळून ७६५ किलोव्होल्टच्या वाहिन्या परळीकडे, वरंगळकडे गेल्या. देशाच्या नकाशावर चंद्रपूर हे विजेचे मोठे जंक्शन झाले. रेल्वेच्या जंक्शनात निदान गाडी थांबते तरी. इथल्या बहुतेक शेतांवरून वीज नुसती निघून जाते.

ज्याच्या वावरात मनोरा येतो, त्याची जमीन सातबाऱ्यावर त्याचीच राहते, फक्त तिच्या मधोमध चार पायांचा लोखंडी सांगाडा उभा असतो. पायांमध्ये ट्रॅक्टर नीट फिरत नाही, तारेखाली विहिरीचे किंवा घराचे बांधकाम करता येत नाही, जमीन विकायला काढली तर भाव पडतो. मनोऱ्याखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारेखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के भरपाई द्यावी, अशा केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या त्या १५ ऑक्टोबर २०१५ रोजी. मूळ तार अधिनियमाला तेव्हा १३० वर्षे झाली होती.

याच वरोरा भागातला माळ माळढोकाच्या महाराष्ट्रातल्या शेवटच्या आसऱ्यांपैकी एक. जड अंगाचा हा पक्षी समोरची तार उशिरा पाहतो आणि धडकतो. राजस्थान-गुजरातेतल्या माळढोकासाठी सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिल २०२१ रोजी तारा भूमिगत करण्याचा आदेश दिला. २१ मार्च २०२४ रोजी तो सौम्य करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. खर्च आणि तांत्रिक अडचणी ही कारणे तेव्हाही पुढे होती.

आकडा

मोठ्या वाहिन्या जमीन आणि आकाश अडवतात. जंगलाकाठी जीव घेणाऱ्या तारा मात्र बहुतेक लहान असतात, ११ किलोव्होल्टच्या किंवा त्याहूनही कमी दाबाच्या. खांबावरून जाणाऱ्या उघड्या तारेवर रात्री आकडा टाकायचा, त्याला साधी तार जोडायची आणि ती खुंट्यांवरून गुडघ्याएवढ्या उंचीवर पायवाटेने ओढत न्यायची. शिकारी हे रानडुकरासाठी, चितळासाठी करतात. शेतकरी धानाचे आणि हरभऱ्याचे पीक वाचवण्यासाठी कुंपणात वीज सोडतो. तारेला कोण येतेय ते कळत नाही. वाघ येतो, बिबट येतो, पहाटे मोहफुले वेचायला निघालेला माणूसही येतो.

एप्रिल २०१७ मध्ये 'जय' या गाजलेल्या वाघाचा बछडा 'श्रीनिवास' ब्रह्मपुरी विभागात, नागभीडच्या बाजूला, कुंपणाच्या विजेने मेला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. त्याला शेतात पुरण्यात आले होते. त्याच वर्षी ब्रह्मपुरीतून पकडून बोर प्रकल्पात सोडलेल्या वाघिणीने माणसे मारली. तिला गोळी घालण्याचा आदेश निघाला, वाद उच्च न्यायालयात गेला. ऑक्टोबरमध्ये ती वर्धा जिल्ह्यातल्या एका शेताच्या जिवंत तारेला लागून मेली. शासन, न्यायालय, वन्यजीवप्रेमी वाद घालत राहिले आणि निकाल तारेने लावला.

न्यूयॉर्कचा लाइनमन भरदुपारी, गर्दीच्या डोक्यावर मेला. इथले मृत्यू रात्री होतात, शेताच्या कडेला होतात आणि पुष्कळदा पुरले जातात. वाघाच्या गळ्यात कॉलर असली तर बातमी होते. रानडुकराची बातमी होत नाही. माणसाचीही आतल्या पानावर चार ओळींची होते.

आराखडा कुठून सुरू करायचा

तारा भूमिगत करण्याच्या योजना आपल्याकडे आहेत. २०१४ च्या एकात्मिक ऊर्जा विकास योजनेत त्यासाठी जागा होती ती दाट वस्तीच्या, पर्यटनाच्या आणि धार्मिक महत्त्वाच्या शहरी भागांना. काशीच्या गल्ल्यांतल्या तारा तिच्यातूनच खाली गेल्या. कोकणात चक्रीवादळाच्या भीतीने अलिबागसारख्या गावी हे काम हाती घेतले गेले. ही कामे चांगलीच आहेत. पण खेड्यांसाठी त्याच वर्षी आलेल्या योजनेचा भर नवे खांब उभारण्यावर आणि शेतीची वाहिनी वेगळी करण्यावर होता. शहराचा आराखडा तार खाली घालत होता, तेव्हा खेड्याचा आराखडा ती अजून वर चढवत होता.

गडचिरोलीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगल आहे. तिथे एक साधा हिशेब करून पाहता येतो. ११ किलोव्होल्टच्या वाहिनीसाठी वनभूमीत ७ मीटर रुंदीचा पट्टा धरला जातो. म्हणजे १० किलोमीटरला ७ हेक्टर. केबलचा चर एक मीटर रुंद धरला तर तेवढ्याच अंतराला १ हेक्टर. हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना अशा ज्या तेरा सोयी आहेत त्यात वीजवाहिनीही आहे. ग्रामसभेची शिफारस असेल तर एका सोयीसाठी १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे न तोडता, स्थानिक पातळीवर देता येते. खांबावरची वाहिनी या मर्यादेत जेमतेम दीड किलोमीटर जाते. रस्त्याच्या कडेने पुरलेली केबल दहा किलोमीटरच्या जवळ पोचते. जिथे मेंढा-लेखासारख्या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, तिथल्या ग्रामसभांना हा हिशेब नवा वाटायचे कारण नाही.

सगळीकडे केबल पुरणे शक्य नाही आणि गरजेचेही नाही. काही ठिकाणी रोधकाचे आवरण असलेली एबी केबल खांबावरच ठेवली तरी आकडा टाकणे अवघड होते. शेतातल्या पंपाच्या जोडणीतून कुंपणात वीज सोडणाऱ्याला भूमिगत केबल थांबवणार नाही. तिथे झटका देणारे पण जीव न घेणारे सौरकुंपण हवे, आणि पिकाच्या नुकसानीची भरपाई वेळेवर हवी. पण वाघांचे येणे-जाणे असलेल्या, जंगल आणि शेत यांच्या शिवेवरून जाणाऱ्या वाहिन्या आधी खाली घालायच्या, असा क्रम लावणे आजच्या तंत्राला आणि आजच्या कायद्याला सहज जमण्यासारखे आहे.

चंद्रपूर शहराने उद्या आपला आराखडा केला, तर जटपुरा गेटाभोवतीच्या तारा सर्वांत आधी खाली जातील. ते साहजिक आहे, रस्ता अरुंद आहे आणि गेट जुने आहे. पण जिल्ह्याचा आराखडा करणाऱ्यांनी रस्त्यांच्या नकाशाबरोबर वनखात्याच्या दप्तरातली एक यादीही मागवून घ्यावी: कोणत्या वाहिनीवर, कोणत्या खांबापाशी, किती वेळा आकडा सापडला. कामाचा क्रम त्या यादीतच लिहिलेला असेल.