ख्रिस्तवासी, मुक्काम बेथेल

मराठी वर्तमानपत्रातलं निधनवार्तांचं पान म्हणजे एक पत्त्यांची वहीच असते. कुणी कैलासवासी होतं, माळकऱ्याच्या घरचं माणूस वैकुंठवासी होतं, मुसलमान गृहस्थ पैगंबरवासी झाल्याचं छापून येतं आणि ख्रिस्ती माणूस ख्रिस्तवासी होतो. 'गेले', 'वारले' एवढ्यावर मराठीचं समाधान होत नाही. माणूस कुठे उतरला हेही तिला सांगायचं असतं. यातले कैलास आणि वैकुंठ हे सरळच पत्ते. ख्रिस्त ही व्यक्ती आणि पैगंबरही व्यक्तीच. माणसात माणूस राहायला जातो कसा? व्याकरण इथे जरा अडखळतं. पण बायबलात पौलाने मेलेल्यांबद्दल लिहिताना 'ख्रिस्तामध्ये' असाच शब्दप्रयोग केला आहे. तेव्हा कैलासवासीच्या साच्यात घातलेला हा शब्द मूळ ग्रीकला बऱ्याच शुद्ध भाषांतरांपेक्षा जवळचा ठरला, तोही बहुधा नकळत.

पौलाचं ते पत्र इसवी सन ५० च्या आसपासचं. थेस्सलनीका गावच्या नव्या ख्रिस्ती मंडळीत काही जण दगावले होते आणि मागे राहिलेल्यांना घोर लागला होता: प्रभू परत येईल तेव्हा आपण असू, पण आपली गेलेली माणसं या सोहळ्याला मुकणार का? पौलाने कळवलं, मुकणार नाहीत. ती आधी उठतील आणि मग सगळे बरोबरच असतील. स्वर्गात पुन्हा भेट होण्याच्या ख्रिस्ती आशेचा हा सर्वांत जुना कागद. त्यात सोन्याचे रस्ते नाहीत, मोत्यांच्या वेशी नाहीत. भर आहे तो 'बरोबर' या शब्दावर.

मेल्यावर दोस्त भेटतील ही कल्पना मात्र ख्रिस्ती लोकांनी काढलेली नाही. विषाचा पेला समोर दिसत असताना सॉक्रेटिस होमरला आणि हेसिअडला भेटायच्या गोष्टी करत होता. म्हातारपणावरच्या सिसरोच्या पुस्तकातला केटो आधी गेलेल्या मुलाला भेटायला उत्सुक आहे. चर्चने ही आशा उचलली आणि साथीच्या, युद्धाच्या दिवसांत ती वाढवली. तिसऱ्या शतकात कार्थेजला साथ आली तेव्हा बिशप सिप्रियनने आईबाप, भावंडं, मुलं पलीकडे वाट पाहत असल्याचं लिहिलं. अमेरिकेत यादवी युद्धानंतर, १८६८ मध्ये, एलिझाबेथ स्टुअर्ट फेल्प्सची 'द गेट्स अजार' ही कादंबरी आली. तिच्यात स्वर्गाचं दार किलकिलं होतं आणि आत चक्क घरगुती संसार दिसतो. घरोघरी कुणी ना कुणी गमावलेल्या वाचकांनी ती उचलून धरली.

मराठीत ही आशा आणताना मिशनऱ्यांना 'स्वर्ग' हा तयार शब्द मिळाला आणि तिथेच घोटाळ्याची सोय झाली. आपल्याकडचा स्वर्ग ही कायमची वस्ती नव्हे. पुण्य आहे तोवर राहायचं, शिल्लक संपली की पुन्हा मृत्युलोकात उतरायचं. गीतेने हे स्वच्छ सांगितलं आहे. ज्याला परत यायचंच आहे, त्याच्याशी वरती गाठ पडेल याची खात्री कुणी द्यावी? उपदेशक बाजारात उभा राहून 'स्वर्गाचं राज्य' म्हणे, तेव्हा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे इंद्राचा दरबार आणि परतीची वाट दोन्ही एकदम येत असणार. शब्द आपला आणि अर्थ परका, अशी ही उसनवारी होती. 'बेथेल'चं नेमकं उलट झालं: शब्द परका, पण त्याच्या पोटातलं गाव अगदी ओळखीचं.

बेथेल म्हणजे हिब्रूत 'देवाचं घर'. यातला 'एल' देव दानिएल, शमुवेल, इम्मानुएल या नावांच्या शेपटाला बसलेला असतो. 'बेथ' म्हणजे घर. हिब्रू लिपीतलं दुसरं अक्षरही बेथच. त्याच्याच फिनिशियन भावंडावरून ग्रीकांचा बीटा आणि इंग्रजी 'अल्फाबेट'मधला 'बेट'. अरबीत तेच घर 'बैत' होतं. दख्खनच्या दफ्तरांत रुळलेल्या 'बैतुलमाल' या शब्दात ते बसलं आणि शायराच्या दोन ओळींच्या 'बैते'तही. निजामी राज्यात राहणाऱ्या माणसाला बेथेल हा शब्द वाटतो तेवढा दूरचा नव्हता. फक्त त्याची ओळख करून दिलेली नव्हती.

उत्पत्तीच्या पुस्तकात हे नाव याकोबाने ठेवलं आहे. थोरल्या भावाला, एसावाला, फसवून तो घरातून पळाला होता. उघड्यावर रात्र झाली, उशाला धोंडा घेतला आणि स्वप्नात जमिनीवरून आकाशाला भिडलेली शिडी दिसली. सकाळी त्याने तो उशाचा धोंडा उभा केला, त्यावर तेल ओतलं आणि जागेला देवाचं घर, स्वर्गाचं दार ठरवलं. वीस वर्षांनी तो परत निघाला. एसाव चारशे माणसं घेऊन सामोरा येतोय हे कळल्यावर त्याची पाचावर धारण बसली. पण एसाव धावत आला, गळ्यात पडला आणि दोघे भाऊ रडले. त्यानंतर याकोब बेथेलला पोचला. तिथे लगेचच नोंद येते ती मृत्यूची: आईची म्हातारी दाई दबोरा तिथे वारली, एका ओकाखाली तिला पुरलं आणि त्या झाडाचं नाव 'रडण्याचं झाड' पडलं. स्वर्गाच्या दाराशीही कबर खणावी लागली.

या नावाचं एक गाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जालन्याजवळ वसलं. कुंडलिकेकाठचं हे शहर, 'जालना सोने का पालना', तेव्हा हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या छावणीचं ठाणं होतं. गाव वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे हे ब्राह्मण पाळक मुंबईत डॉ. जॉन विल्सन आणि रॉबर्ट नेस्बिट यांच्या संस्थेत शिकलेले. १८४३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे दिवाण सालारजंगांच्या कारभारात निजामाच्या मुलखात जमीन मिळवून बेथेल उभं केलं. स्वतःचं नाव मात्र बदललं नाही. नारायण तो वैकुंठीचा, शेषाद्री ही तिरुपतीची टेकडी. वैकुंठाचा अख्खा पत्ता नावात घेऊन फिरणाऱ्या माणसाने स्वर्गाच्या दाराचं गाव वसवावं, यातली गंमत जालन्याच्या बाजारात कुणाच्याच लक्षात आली नसेल असं वाटत नाही.

याकोबाची गोष्ट शेषाद्रींच्या आयुष्याला दुसऱ्या बाजूनेही भिडते. नारायणाच्या मागोमाग त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा मिशनऱ्यांच्या घरी राहायला गेला. तो अजाण पोर होता. वडील मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेले आणि कोर्टाने मुलगा बापाच्या हवाली केला. मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या मुलाला जातीत घ्यायचं की नाही यावर मुंबईत रान पेटलं. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं अशी बाजू घेतली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. सुधारणेच्या इतिहासात हे प्रकरण श्रीपत शेषाद्रींचं म्हणून येतं. नारायण तिथे ओळीपुरते असतात. त्या ओळीत मात्र दोन भाऊ एका कोर्टाच्या दोन दारांनी बाहेर पडलेले आहेत. त्यानंतर वीसेक वर्षांनी नारायण जालन्याला आले.

जालना जिल्ह्याला घर सोडून गेलेल्या नारायणाची गोष्ट त्याआधीच ठाऊक होती. घनसावंगी तालुक्यातल्या जांबचा नारायण सूर्याजी ठोसर 'सावधान' ऐकून बोहल्यावरून पळाला आणि समर्थ रामदास होऊन कैक वर्षांनी आईच्या दारात उभा राहिला. राणूबाईंची दृष्टी तोवर गेली होती, असं परंपरा सांगते. ती भेट याच जन्मी, याच अंगणात झाली. बाप्तिस्मा घेतलेल्याला एवढी सवड नसे. त्याच्या घरचे जिवंतपणीच त्याच्या नावाने आंघोळ करत. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर पत्नी लक्ष्मीबाईंशी पडलेली ताटातूट काही वर्षांनी सांधली गेली, म्हणून लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' हाती आलं. तो अपवाद. मराठी ख्रिस्त्यांच्या पहिल्या पिढीत स्वर्गातल्या भेटीला जी धार होती ती मरणापेक्षा या ताटातुटीची होती. त्यात आणखी पेच असा, की ज्यांची ओढ ते आईबाप उपदेशकांच्या शिकवणीप्रमाणे त्या स्वर्गात असण्याची खात्री नव्हती.

बेथेलची कल्पना या पेचाला दिलेलं जमिनीवरचं उत्तर म्हणून वाचली तर जास्त खरी वाटते. शेषाद्रींचं काम मुख्यतः मांग आणि महार समाजात चाललं. या माणसांना गावात पाणवठा नव्हता, बलुत्याबाहेर काम नव्हतं. धर्म बदलल्यावर तेही सुटायची भीती. त्यांना शिडी दाखवण्याआधी पाय टेकायला जागा द्यायला हवी होती. म्हणून शेतजमीन आली, चर्च आलं, शाळा आली. इथल्या देवाच्या घराला आधी देवाच्या लेकरांची घरं लागली. परदेशात शेषाद्रींची कीर्ती झाली ती या गावामुळे. १८७३ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत ते बोलले, तेव्हा 'गेट्स अजार'ला पाचच वर्षं झाली होती.

आज मराठी ख्रिस्ती वस्त्यांत भेटीचे दोन मोठे मुहूर्त आहेत. एक नाताळ: पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली पोरं घरी येतात, करंज्या-शेव होतात आणि शाळेतले दोस्त चर्चच्या आवारात गाठ पडली की थेट टोपणनावांवर उतरतात. दुसरा ईस्टर. पुनरुत्थानाच्या त्या पहाटे माणसं आपल्या कबरींवर जातात. आधी तण उपटलेलं असतं, चुना मारलेला असतो. मग फुलं, मेणबत्त्या, गाणी. मातीवर मेणबत्ती उभी राहत नाही, म्हणून दोन थेंब मेण सांडून त्यात तिचा बुंधा दाबून धरावा लागतो. शेजारच्या कबरीला कुणी आलेलं नसलं तर एक मेणबत्ती तिकडेही लावली जाते.

नारायण शेषाद्रींचं निधन १८९१ मध्ये परदेशातून परतीच्या वाटेवर, भर समुद्रात, बोटीवर झालं. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात नवं आकाश आणि नवी पृथ्वी येते, तेव्हा समुद्र उरलेला नसतो. त्याच्या एकच अध्याय आधी समुद्राने आपल्यातले मेलेले परत दिलेले असतात.