आयझनर, विल
आयझनर, विल : (६ मार्च १९१७–३ जानेवारी २००५). अमेरिकन चित्रकथाकार व चित्रकथेचा मीमांसक. जन्म न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे, ज्यू स्थलांतरित कुटुंबात. रविवारच्या वृत्तपत्रांच्या पुरवणीतून निघणारी द स्पिरिट (१९४०–५२) ही त्याची रहस्यप्रधान चित्रमाला विशेष गाजली. चौकटींची लवचिक रचना, छायाप्रकाशाचे नाट्य आणि दृश्यातच गुंफलेली शीर्षकाक्षरे ही तिची वैशिष्ट्ये होत. तथापि तीतील एबनी या कृष्णवर्णीय पात्राचे विरूप चित्रण आक्षेपार्ह ठरले. पुढे अमेरिकन सैन्यासाठी त्याने यंत्रांच्या देखभालीचे पाठ चित्रकथांतून दिले. कन्येच्या अकाली मृत्यूचे दुःख अ काँट्रॅक्ट विथ गॉड (१९७८) या ब्राँक्समधील भाडोत्री चाळींतील जीवनावरील कथासंग्रहात उतरले. बालकांची स्वस्त करमणूक म्हणून हिणवल्या गेलेल्या या माध्यमाला स्वतंत्र व्याकरण आहे, असे त्याने कॉमिक्स अँड सीक्वेन्शल आर्ट (१९८५) या ग्रंथात प्रतिपादिले. चित्रांचा क्रम हेच या कलेचे मूलतत्त्व असून चौकट ही केवळ चित्राची सीमा नव्हे, तर काळाचे मापही असते, हा त्याच्या विवेचनाचा गाभा होय. १९८८ पासून त्याच्या नावाने चित्रकथांना पुरस्कार देण्यात येऊ लागले.