फोनोग्राफची पारख

कर्णा लावलेल्या गाण्याच्या यंत्राला आपल्याकडे सरसकट ‘फोनो’ म्हणत. लग्नात फोनो, जत्रेत फोनो. पण वाजत असे तो बहुधा ग्रामोफोन. फोनोग्राफ निराळा आणि वयाने वडील. माळ्यावरचे जुने यंत्र मोडीत घालण्यापूर्वी हा फरक ठाऊक असावा, म्हणून आजचा हा विषय.

अमेरिकेत टॉमस एडिसनने १८७७ साली पहिला फोनोग्राफ केला. नळकांड्यावर कथलाचा वर्ख गुंडाळायचा, ते फिरवीत समोर बोलायचे. आवाजाने पातळ पडदा थरथरे आणि त्याला जोडलेली सुई वर्खावर खळगे पाडी. त्याच खळग्यांवरून सुई पुन्हा फिरली की बोललेले ऐकू येई. वर्ख लवकर फाटे, म्हणून पुढे मेणाची नळकांडी आली. १८८७ साली एमिल बर्लिनर याने सपाट तबकडीचा ग्रामोफोन काढला. एका साच्यातून तबकड्यांच्या पुष्कळ प्रती निघत, ठेवायलाही त्या सोयीच्या. अखेर तबकडी जिंकली आणि १९२९ साली एडिसनच्या कंपनीनेही नळकांडी बंद केली. गंमत बघा, कर्ण्यापुढे कान देऊन बसलेल्या कुत्र्याच्या प्रसिद्ध चित्रात आरंभी फोनोग्राफच होता. चित्रकार फ्रान्सिस बॅरॉड याने १८९९ साली त्यावर ग्रामोफोन रंगवला.

एका गोष्टीत मात्र फोनोग्राफ सरस होता. ग्रामोफोन नुसता वाजवी. फोनोग्राफवर घरबसल्या आवाज उतरवताही येई. १८९० साली जेसी फ्यूक्स या अभ्यासकाने अमेरिकेतील मेन प्रांतात पासामाक्वोडी लोकांची गाणी व कथा अशाच नळकांड्यांवर टिपल्या. आपल्याकडे कलकत्त्याचे हेमेंद्रमोहन बोस यांनी रवींद्रनाथांचा आवाज नळकांड्यांवर घेतला. तेव्हा यंत्राबरोबर नळकांड्यांचे डबे सापडले, तर त्यांतल्या एखाद्यावर कोणाचा तरी असा आवाज असेल की ज्याची दुसरी प्रत जगात नाही. यंत्र विकताना हे डबे कचऱ्यात जातात, ही खरी हानी.

आता पारख कशी करावी? पहिली खूण म्हणजे तबकडीच्या थाळीऐवजी आडवा, किंचित निमुळता दंडगोल. नळकांडे त्यावर बसवतात. दुसरी, एडिसनच्या यंत्रांत बारीक आटे पाडलेला लांब दांडा असतो. त्याच्या आधाराने आवाजाची डबी हळूहळू सरकते. ग्रामोफोनात हे काम तबकडीवरची रेघच करते. तिसरी खूण सुईची. एडिसनच्या नळकांड्यावर ती वरखाली हलते, ग्रामोफोनच्या नेहमीच्या तबकडीवर डावी-उजवीकडे. चौथी, पेटंटची पट्टी आणि क्रमांक. पट्टीवरच्या शेवटच्या सालावरून यंत्र त्याच साली बनले असे धरू नये. त्या सालापूर्वीचे नाही, एवढेच ठरते.

मोल ठरवताना नुसते वय पाहून भागत नाही. एडिसनचे ‘स्टँडर्ड’ १८९८ साली वीस डॉलरला निघाले आणि अफाट खपले. म्हणून शंभरी ओलांडूनही ते दुर्मिळ नाही. उलट १९११ चे ‘ऑपेरा’ थोडीच वर्षे निघाले. त्यात डबी स्थिर राहते आणि दंडगोलच सरकतो. असे यंत्र जाणकार शोधत असतात. त्यानंतर पाहायचे ते मूळपण. कर्णा, डबी, किल्ली, पेटीचे झाकण ही मूळचीच आहेत का? पेटीवरील अक्षरे शाबूत आहेत का? पॉलिश मारून, नवा रंग देऊन यंत्र चकचकीत करणाऱ्याला वाटते की किंमत वाढली. प्रत्यक्षात ती घटते. जुन्या बाजारातले लखलखीत पितळी कर्ण्याचे आणि कुत्र्याच्या चित्राचे ग्रामोफोन तर पुष्कळदा अलीकडेच सुटे भाग जुळवून केलेले असतात. भरभक्कम पैसे मोजण्याआधी आतली मोटार आणि लाकडाचे सांधे पाहावेत.

आणखी एक सावधगिरी, बरं का. नळकांडे लगेच लावून पाहू नका. दोन मिनिटांच्या नळकांड्यावर इंचाला शंभर रेघा असतात, चार मिनिटांच्यावर दोनशे. दोहोंची सुई वेगळी. रुंद सुई बारीक रेघांवर फिरली की मेण खरवडून निघते. निळ्या कचकड्याची नळकांडी टणक. मेणाची मात्र नुसत्या बोटांच्या घामानेही बिघडतात. दोन बोटे आतून फाकवून ती उचलावीत आणि कोरड्या, थंड जागी ठेवावीत.

शिक्षकमंडळींना एक विनंती आहे. गावात असे यंत्र निघाले तर क्रमांक, पट्टीवरील मजकूर, डब्यांवरील नावे आणि ते कोणाच्या घरी कसे आले, हे वहीत उतरवून घ्या. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. ही माहिती यंत्रावर कोठेही कोरलेली नसते. एवढे झाल्यावर यंत्र विकायचे की जपायचे, हे घरच्यांनी ठरवावे. डबे मात्र यंत्रापासून वेगळे करू नयेत.