एक ओळ सरकलेली जनुके

फुप्फुसातील कर्करोगाची गाठ लहान असतानाच शस्त्रक्रियेने काढली, तरी काही रुग्णांत रोग पुन्हा उद्भवतो. कोणात उद्भवेल, हे आधी कळले तर केमोथेरपीचा ताप कोणाला द्यायचा आणि कोणाला त्यातून वाचवायचे, हे ठरवता येईल. २००६ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या अनिल पोट्टी आणि जोसेफ नेव्हिन्स यांच्या गटाने नेमका हाच दावा ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडला. गाठीतील हजारो जनुकांपैकी कोणती किती सक्रिय आहेत हे मोजायचे आणि त्या आकड्यांवरून रुग्णाचे भवितव्य वर्तवायचे, अशी ती पद्धत. त्याच वर्षी याच गटाने आणखी एक दावा केला : जनुकांवरून रुग्णाला कोणते औषध लागू पडेल, हेही सांगता येते.

ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्रातील डॉक्टरांना ही पद्धत वापरायची होती, म्हणून त्यांनी ती तपासण्याचे काम कीथ बॅगरली आणि केव्हिन कूम्ब्स या संख्याशास्त्रज्ञांकडे सोपवले. औषधांविषयीच्या निबंधात जनुकांच्या याद्या चक्क एका ओळीने सरकल्या होत्या! त्याहून भयंकर म्हणजे, काही औषधांच्या बाबतीत ‘दाद देणारे’ आणि ‘दाद न देणारे’ ही लेबलेच उलटी लागली होती. म्हणजे ज्याला औषध लागू पडणार नाही, नेमके त्यालाच ते मिळावे.

ही केवळ कागदावरची चूक नव्हती. २००७ पासून ड्यूकमध्ये याच आधारे रुग्णांवर चाचण्या चालू होत्या. तिन्हींपैकी दोन फुप्फुसाच्या कर्करोगाच्या. २००८ मध्ये प्रयोगशाळेतल्याच एका वैद्यकीय विद्यार्थ्याने शंका मांडल्या. त्यांचा उपयोग झाला नाही. २००९ मध्ये संख्याशास्त्रज्ञांचा निबंध प्रसिद्ध झाला, चाचण्या थांबल्या, आणि विद्यापीठाने नेमलेल्या परीक्षणानंतर २०१० च्या जानेवारीत पुन्हा सुरू झाल्या. बॅगरलींचे ताजे आक्षेप त्या परीक्षकांपर्यंत पोहोचलेच नव्हते.

फुप्फुसाच्या भाकिताची तपासणी राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या लिसा मॅकशेन करत होत्या. तोच नमुना पुन्हा तपासला, तर धोक्याचा गट बदलू शकत होता.

गणिताने जे साधले नाही, ते अखेर परिचयपत्रातल्या एका ओळीने साधले. जुलै २०१० मध्ये ‘द कॅन्सर लेटर’ने उघड केले, की पोट्टींचा ऱ्होड्स शिष्यवृत्तीचा दावा खोटा आहे. चाचण्या थांबल्या त्या कायमच्या. २०११ च्या मार्चमध्ये तो मूळ निबंध मागे घेतला गेला. २०१५ मध्ये अमेरिकी शासनाच्या संशोधन-सचोटी कार्यालयाने पोट्टींवर गैरवर्तनाचा निष्कर्ष नोंदवला; त्यांनी तो ना मान्य केला, ना नाकारला. रुग्ण आणि त्यांच्या कुटुंबीयांनी लावलेला खटलाही त्याच वर्षी तडजोडीने मिटला.